लिनक्समधलं तळाचं संत्रं

सौंसरच्या घरी जुन्या लॅपटॉपवर मी नुकतंच लिनक्स, म्हणजे वेगळीच ऑपरेटिंग सिस्टीम, टाकलं होतं. भावाच्या लग्नाचे फोटो पांढुर्ण्याच्या मामेभावाने पेनड्राइव्हमध्ये दिले होते, आणि मी आपली सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह शोधत बसले. इथे तसलं काही नसतंच. सगळे फोल्डर एकाच मूळ फोल्डरच्या आत असतात, त्याचं नाव नुसती एक तिरपी रेघ, आणि पेनड्राइव्हसुद्धा त्यातच. तो मीडिया नावाच्या फोल्डरमध्ये सापडला तेव्हा मी टाळीच वाजवली.

फोटोंमध्ये एका फाइलच्या नावाला शेवटी टीएक्सटी लागलेलं होतं. "हा फोटो नाही बाबा, काहीतरी लिहिलेलं असेल," मी मोठ्या शहाणपणाने म्हटलं.

बाबा संत्र्यांचे व्यापारी. क्रेटमध्ये मोठी फळं वर रचलेली असतात, म्हणून ते कोपरापर्यंत हात घालून तळाचं संत्रं काढतात आणि मगच भाव बोलतात. ते म्हणाले, "वरवर काय पाहून राहिली? खाली हात घाल न!"

लिनक्समध्ये तशी सोय आहे. फाइल नावाचीच एक कमांड आहे. ती नावाच्या शेपटाला भुलत नाही, आत डोकावून सांगते. मी ती चालवली. उत्तर आलं, हे चित्र आहे. उघडलं, तर हळदीने माखलेले बाबा, आईची साडी गुंडाळून नाचताना!

आई हसून हसून खालीच बसली. बाबांनी तडक मामेभावाला फोन लावला. "अबे, नुसतं नाव बदलून काय लपवलं? तो फोटो कोणाले दिसला नाही पाहिजे म्हणून सांगतलं होतं न तुले!"