साडूभाऊंचं दोन इंजिनांचं विमान

आमचे साडूभाऊ काहीही विकत घेण्याआधी मला विचारायचे, आणि मग मी सांगितलं असेल त्याच्या बरोबर उलट घेऊन यायचे. जीप घेताना मी डिझेल म्हणालो, त्यांनी पेट्रोलची आणली. इंदिरानगरला प्लॉट घेताना मी कोपऱ्यावरचा घेऊ नका म्हणालो, त्यांनी कोपऱ्यावरचाच घेतला. विचारताना मात्र अगदी नम्रपणे विचारायचे, पुढं सरकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. "दादा, तुमचा सल्ला पाहिजे," असं म्हणाले की माझी बायको स्वयंपाकघरात हसायची. आणि वर त्यांनी आणलेलं नेमकं चांगलं निघायचं, हे तर मला भयंकर झोंबायचं.

नात्यानं मी थोरला जावई आणि ते धाकटे. सासरी मान माझा. पहिलं पान माझ्यासमोर, पहिला टिळा मला. पण पानं वाढून झाली की सगळ्यांच्या माना साडूभाऊंकडे वळायच्या. निफाडच्या द्राक्षवाल्यांचा मुलगा, बागेला थेंब थेंब पाणी देणाऱ्या नळ्या बनवायला लागला आणि बघता बघता अंबडला कारखाना टाकून बसला. बोलणं शेवटपर्यंत निफाडचंच राहिलं. आमचे सासरे, म्हणजे मामा, शिस्तीचे मास्तर. मी 'नाही' ऐवजी 'नाय' म्हटलं असतं तर कान पकडला असता. साडूभाऊंचं "लय भारी" ऐकून मात्र मिशीत हसायचे.

एका अधिक महिन्यात मामींनी दोन्ही जावयांना जेवायला बोलावलं होतं. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलेलं. साडूभाऊंनी अनारशाचा तुकडा मोडला आणि भाजी आणायला जातोय इतक्या सहज म्हणाले, "दादा, इमान घ्यायचं म्हणतोय. जुनंच. दोन इंजिनांचं. तुमचा सल्ला पाहिजे."

मला ठसका लागला. माझी सगळी नोकरी ओझरला विमानं तपासण्यात गेली. इंजिनाच्या आवाजावरून त्याचं दुखणं सांगणारा माणूस मी. लहानपणापासून वैमानिक व्हायचं होतं, पण चष्म्यानं तिथंच खीळ घातली. तेव्हापासून आयुष्यात एकच इच्छा उरली होती. एकदा, एकदाच, छोट्या विमानात वैमानिकाशेजारच्या सीटवर बसायचं आणि समोरच्या काचेतून सगळं बघायचं. दुसऱ्यांची विमानं तपासून सह्या करून करून बोटं झिजली, पण त्या जागेवर बसून उडायचा योग आला नाही. आणि हा पाइपवाला अनारसा खाता खाता आख्खं विमान घेणार होता. मला अन्न गोड लागेना.

दोन विमानं विकाऊ होती, एकाच जातीची. एकाच्या केबिनमध्ये हवा दाबून भरायची सोय होती. म्हणजे ढगांच्या वर गेलं तरी आत माणसाला त्रास नाही, कानाला दडे कमी, धक्के कमी. दुसरं साधं. त्यातून उंच जायचं तर नाकाला ऑक्सिजनची नळी लावून बसायचं, नाहीतर मुकाट खालूनच, ढगांतून हादरे खात जायचं. मी रात्रंदिवस विचार केला आणि साधं घ्या म्हणालो. तुम्हाला मुंबई, औरंगाबाद, फार तर इंदूर गाठायचंय, त्यासाठी एवढ्या वर जाऊन काय करणार? शिवाय जुन्या विमानात हवा कोंडायची म्हणजे दाराची रबरं, खिडक्यांच्या काचा, झडपा, सगळ्यांची रोज मनधरणी. इंजिनंही जास्त तापणार. यातला शब्द न् शब्द खरा होता. मनात आणखीही एक होतं. साध्या विमानाची देखभाल माझ्या एकट्याच्या आवाक्यातली. देखभाल माझी म्हटल्यावर पुढची सीटही माझीच, असा माझा हिशेब.

मग आम्ही विमानं बघायला गेलो. साडूभाऊंनी बैल पारखावा तशी दोन्हींभोवती फेरी मारली, चाकांवर थाप मारली आणि दार लावून आत नुसतेच बसून राहिले. मी झडपांबद्दल सांगत होतो. त्यांचं लक्ष नव्हतं. सोबतच्या वैमानिकाला त्यांनी एकच गोष्ट तीनतीनदा विचारली, "पण हलतं किती?"

"हवा भरलेलं वरून जातं. कमी हलतं," वैमानिक म्हणाला.

आठ दिवसांनी त्यांनी हवा भरायचं विमान घेतलं. मामांच्या एका कानाचं ऑपरेशन झालेलं होतं. "मामांच्या कानाला सोसलं पाहिजे, म्हणून तेच घेतलं," असं साडूभाऊंनी मामांच्या घरी येऊन सांगितलं. मामींनी डोळ्यांना पदर लावला. माझ्या बायकोनंही लावला. मी इंजिनांचा विचार केला होता, झडपांचा केला होता, आणि हा गडी मामांच्या कानावरून पुढं निघून गेला.

पहिली फेरी काशीची. मामांची जन्माची हौस. ओझरला विमानाची पूजा झाली, पंखाला झेंडूची माळ घातली. मी ती उडायच्या आधी काढायला लावली तर सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी अपशकुनच केला. मग बसायची वेळ आली. मी इस्त्रीचा शर्ट घालून, चष्मा पुसून पुढच्या दाराशी उभा. साडूभाऊंनी अदबीनं माझा दंड धरला आणि मला मागच्या मऊ, कातडी खुर्चीत नेऊन बसवलं. खांद्यावर शाल घातली.

"अहो, मी पुढं बसतो ना," मी म्हणालो.

"काय दादा! तुम्ही थोरले. ड्रायव्हरशेजारी मानाचं माणूस बसवतं का कोणी?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे जीपमध्येही ड्रायव्हरशेजारी मुनीम बसतो, मालक मागं, हे मलाही माहीत होतं. मी शाल सांभाळत मागं बसलो आणि साडूभाऊ पुढं जाऊन बसले. काशीपर्यंत मला त्यांची मान आणि कॉलर दिसली. समोर मामा खडीसाखर चघळत खुशीत बसले होते, कान अजिबात दुखत नव्हता. मी जळत होतो. साफ सांगतो, गंगेत बुडी मारतानासुद्धा मी त्या सीटवरूनच जळत होतो.

पुढं दर फेरीला हेच. माझ्या मानाची खुर्ची ठरलेली आणि त्यांची पुढची जागा ठरलेली. मी सांगितलेलं मात्र अक्षर न् अक्षर खरं ठरत गेलं. दाराच्या रबरातून हवा गळायला लागली. एकदा खिडकीची काच बदलायला विमान महिनोन्‌महिने हँगरमध्ये अडकलं. उडायचं कमी आणि दुरुस्तीला जास्त, अशी गत झाली. "मी म्हणालो होतो," असं मी घरात अनेकदा म्हणून पाहिलं. मामा आल्यागेल्याला सांगायचे, "धाकट्यानं मला काशी दाखवली." मी बरोबर होतो आणि कौतुक त्यांचं.

मामा गेले, आणि वर्षभरात साडूभाऊंनी विमान विकायला काढलं. तोवर नवं शतक लागलं होतं. इंदूरच्या एकानं घेतलं. न्यायला त्याचा वैमानिक आला. साडूभाऊ म्हणाले, "दादा, तुम्ही जाऊन सोडून या. मी नाय येत."

मागं बसवायला कोणी नव्हतं. मी पुढं बसलो. चांदवडचे डोंगर समोर आले, खाली गेले, गिरणा चमकली, मग तापी, मग नर्मदा. एवढं सगळं एकदम समोर येतं हे मला नोकरीत कोणी सांगितलं नव्हतं. एकीकडे सुख आणि एकीकडे संताप, की हा माणूस हे सगळं इतकी वर्षं एकटा बघत आला.

इंदूरहून बसनं परतलो आणि कागद द्यायला थेट साडूभाऊंकडे गेलो. त्यांनी चहा सांगितला, जवळ सरकले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"दादा, कसं दिसतं हो पुढून?"

"थट्टा करता काय? तुम्हीच बसत होता की पुढं."

"बसायचो. पण डोळे मिटून," ते खाली बघत म्हणाले. "मला लय भ्या वाटायचं दादा. मागं बसलो असतो तर तुम्ही सगळ्यांनी माझं तोंड बघितलं असतं. मामांनी बघितलं असतं तर ते पुन्हा बसले नसते. पुढं बसलं की नुसती पाठ दिसते."

मी कप खाली ठेवला. मग सांगायला लागलो, चांदवडपासून. चहा निवला तरी सांगत होतो. ते मध्येच "आन् मग?" म्हणायचे.

त्यानंतर दोन वर्षांत साडूभाऊ गेले. ज्या सीटवरून मी इतका जळलो, तिथून त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं, हे कळल्यावर तरी माझा हेवा निवायला हवा होता. तो वाढला. मी पुढं बसलो असतो ते मला आवडतं म्हणून. ते बसले भीत भीत, दरवेळी, मामांना सुख वाटावं म्हणून. तेवढं माझ्यानं झालं नसतं.