शादली फोटोवाल्याचं बटण

समुद्रकाठच्या महदिया गावात कुणाच्याही घरी जा, भिंतीवरच्या फोटोतली माणसं तुमच्याकडे अशी बघतात की तुम्ही त्यांची शेळी पळवायला आला आहात. नवरा-नवरी असोत, सुंता झालेली पोरं असोत, हजला निघालेले म्हातारे असोत, सगळ्यांचे डोळे वटारलेले आणि माना ताठ. हे सगळे फोटो शादली बेन झिक्रीने काढलेले.

तसा शादली गोड माणूस. जन्म कोळ्याच्या घरातला, पण होडीचा दोर सुटायच्या आधीच त्याला ओकाऱ्या लागायच्या. शेवटी बापाने हात टेकले आणि पोराला फोटोच्या दुकानात चिकटवलं. कॉफीच्या दुकानात बसला की शादली अशा गप्पा हाणायचा की लोकांच्या कपातली कॉफी गार व्हायची. पण कॅमेऱ्यामागे गेला रे गेला की त्याच्या अंगात कुणीतरी फौजदार शिरायचा. कमरेत वाकायचा, उजवा डोळा भोकाला लावायचा, डावा इतका घट्ट मिटायचा की अर्धं तोंड वर ओढलं जायचं, आणि त्या वाकड्या तोंडाने ओरडायचा, "हलू नका! श्वास रोखा!" लहान मुलं भोकाड पसरायची. मोठ्यांना तशी सोय नसल्यामुळे ते ताठ व्हायचे. आयुष्यात एकाही गिऱ्हाइकाला हसवू न शकलेल्या या माणसाने स्वतःच्या मुलीचं नाव मात्र ठेवलं होतं इब्तिसाम, म्हणजे स्मित.

एका सकाळी रांगणाऱ्या बाळाचा फोटो काढायला तो वाकला, आणि वर आलाच नाही. कमरेत काहीतरी कट्‌कन वाजलं आणि शादली तिथेच काटकोनात अडकला. बाळाच्या बापाने दोन कोळी बोलावले. त्यांनी त्याला ऑक्टोपसच्या रिकाम्या टोपल्यांच्या हातगाडीवर टेकवला आणि बाजारातून घरी आणला. वाटेत जो तो सलाम करत होता, आणि शादली जमिनीकडे बघत चपलांवरून माणसं ओळखून, नावाआधी अदबीचं 'सी' लावून उत्तर देत होता. "सलाम, सी मुख्तार! टाच झिजली हो तुमची."

दारात नजीबा, त्याची बायको, उभी होती. तिने कमरेवर हात ठेवले.

"सकाळी उभा गेलास, आलास तो टेबल होऊन! आता तुझ्यावर कुसकुस वाढू की काय?"

हकीमाने औषध दिलं, मालीश सांगितली आणि वाकायला साफ बंदी केली. शादली पलंगावर पडून छताकडे बघत म्हणत राहिला, "संपलं. वाकता येत नाही तो फोटोवाला कसला?"

रविवारी सूस शहरातून इब्तिसाम आली. बँकेत नोकरीला होती, बापासारखीच बडबडी. तिने पिशवीतून नवा डिजिटल कॅमेरा काढून तीन पायांच्या घोडीवर बसवला. मागे बोटभर जाडीचा पडदा होता. तो बाहेर ओढून वर वळवता यायचा, आणि त्यात समोरची खोली जिवंत दिसत होती. खिडकीचा पडदा हलत होता, मांजर शेपूट चाटत होतं.

"बाबा, आता भोकात डोळा घालायची गरज नाही. उभ्या उभ्या बघायचं. बसूनही चालेल."

शादलीने संशयाने पाहिलं. "म्हणजे फोटो काढायच्या आधीच दिसतो? मग काढायचा कशाला?"

"आणि हे घ्या." तिने त्याच्या तळहातावर खजुराएवढं काळं बटण ठेवलं. "याची जोडीदार डबी कॅमेऱ्याच्या डोक्यावर आहे. तुम्ही खोलीत कुठेही असा, हे दाबलं की फोटो निघतो."

"मी कॅमेऱ्यामागे नसताना? लोक म्हणतील शादली मेला आणि त्याचं भूत धंदा चालवतंय."

"आत्ता काय वेगळं म्हणतात?" नजीबा वाटाण्याच्या शेंगा सोलता सोलता म्हणाली.

मुलगी गेल्यावर दोन दिवस त्याने त्या यंत्राकडे पाठ केली. तिसऱ्या दिवशी कंटाळून खुर्ची ओढली, पडद्यात नजीबाला बरोबर मधे घेतली आणि बटण मुठीत ठेवून तिच्याशेजारी जाऊन बसला. सवयीने तोंडातून निघालंच, "हलू नकोस! श्वास..."

"श्वास रोखून शेंगा कोण सोलतं रे? एवढी वर्षं लोकांचे श्वास रोखलेस, त्याचीच हाय लागली तुझ्या कमरेला. तो हातगाडीवाला बाजारात काय सांगतोय माहितीये? म्हणे ऑक्टोपस मऊ व्हावा म्हणून आपटावा लागतो, शादलीला कुणी आपटणार का?" एवढं बोलून ती स्वतःच्याच बोलण्यावर मान मागे टाकून हसली. शादलीचं बोट आपोआप दाबलं गेलं.

पडद्यावर फोटो उमटला. पदरात शेंगा, पुढचा किडका दात दिसतोय, डोळे हसून बारीक झालेले. शादली बराच वेळ बघत राहिला. या बाईला तो रोज हसताना बघत होता आणि तिचा हसतानाचा एकही फोटो घरात नव्हता.

"ही कोण?" नजीबाने वाकून विचारलं.

"माझी बायको."

"बरी आहे की. दात तेवढा पुसून टाक."

त्या दिवसापासून शादली बदलला. गिऱ्हाइकाला बसवायचा, पडदा जुळवायचा, मग शेजारी बसून गप्पा सुरू. माणसं विचारायची, "काढणार कधी?" तो म्हणायचा, "झाले काढून." कुणी खूश व्हायचं, कुणी खिसा कापल्यासारखं बघायचं.

पण खरी गंमत झाली दोर्साफच्या लग्नात.

दोर्साफ शादलीच्याच गल्लीतली, लल्ला वसीलाची, म्हणजे वसीलाबाईंची, धाकटी मुलगी. मुलीकडच्यांनी फोटोंसाठी शादलीला सांगितलं. मुलाकडच्यांनी आणला लमजदला. लमजदचं दुकान शादलीच्या समोरच, दारात रंगीत दिवे, काचेत कारंज्यासमोर उभ्या नवऱ्यांचे फोटो. शादलीचे फोटो मेल्यावर लावायला बरे पडतात, असं तो उघड म्हणायचा. दोघांचं बोलणं दोन ईदपुरतं, तेही लांबून.

दुपारी हॉल भरला. दोर्साफ उंच आसनावर, अंगावर महदियाचा सोन्याच्या जरीचा पोशाख. तो इतका जड की तिला मान फिरवायची तर आधी विचार करावा लागत होता. ढोल वाजत होते, बायका जिभा हलवून आनंदाच्या किलकाऱ्या देत होत्या, बदामाच्या सरबताचे ग्लास फिरत होते. डाव्या खांबापाशी शादलीची घोडी, उजव्यापाशी लमजदची. शादली खुर्चीत बसून, चुलीवरचा शोरबा बघावा तसा पडद्यात बघत होता.

नवरीने डोळे खाली झुकवले. शादलीने बटण दाबलं. लख्ख! पण उजेड दोन्हीकडून पडला. योगायोग, असं तो मनात म्हणाला.

तो सरबत घ्यायला उठला, आणि त्याचा कॅमेरा आपला आपण वाजला. लख्ख! पडद्यावर आली आसनाशेजारी उभी असलेली मुलाची जकीया मावशी, बकलावा मिठाईचे दोन तुकडे एकदम तोंडात. शादलीने बोट बघितलं. बोट सरबताच्या ग्लासावर होतं.

"बिस्मिल्ला," तो पुटपुटला आणि खुर्चीत बसला. लगेच पुन्हा लख्ख! या वेळी नवऱ्या मुलाचा बाप आसनामागे पट्टा सैल करताना.

तिकडून लमजद तरातरा आला. "सी शादली, काय चालवलंय? माझा कॅमेरा मला न विचारता फोटो काढतोय! लल्ला वसीला नाक पुसताना पकडली गेली!"

"मी? अरे, माझ्यातच भूत शिरलंय. आणि वसीला आमच्याकडची, तिचं नाक तू कशाला काढलंस?"

"मी काढलं नाही, निघालं!"

"मग माझ्याकडे निघालेल्या मावशीचं काय? जकीयाबाईंनी पाहिलं तर तुलाच खातील, बकलावा संपल्यावर."

"तुम्ही जळता माझ्यावर!"

"तुझ्यावर? तुझ्या कारंज्यावर जळेन एखादवेळ, आग तरी विझेल!"

रागाच्या भरात शादलीने मूठ आवळली. मुठीत बटण. लख्ख, लख्ख! दोन्ही खांबांवरून. लमजदने हळूच स्वतःच्या खिशातलं बटण काढून दाबलं. लख्ख, लख्ख! शादलीने दाबलं. लमजदने दाबलं. ढोलवाल्यांना वाटलं तालाला साथ मिळतेय, त्यांनी लय वाढवली.

आसनावरून खुदकन आवाज आला. दोर्साफ हसत होती. खाली झुकवलेले डोळे वर आले, एवढ्या जरीखाली खांदे हलायला लागले, आणि शेवटी ती पोट धरून मोठ्याने हसली. "अहो काका, तुम्ही दोघं एकाच बटणावर बसलाय!"

"नवरीने हसायचं नसतं!" जकीया मावशी ओरडली.

"मावशी, तुम्ही तोंडातलं आधी संपवा," दोर्साफ म्हणाली, आणि नवरा मुलगा अनीसही हसत सुटला. त्या क्षणी कुणी बटण दाबलं ते आजतागायत ठरलेलं नाही. फोटो मात्र दोघांकडेही आहे, एक डावीकडून, एक उजवीकडून.

चौकशी झाली तेव्हा कळलं, दोघांची बटणं सूसच्या एकाच दुकानातून आलेली, दोन्ही एकाच आकड्यावर लावलेली, म्हणून एक दाबलं की दोन्ही कॅमेरे वाजायचे. आकडा बदलायची कळ बटणाच्या पोटात, आणि ते उघडायला लागणारा बारीक पेचकस घरी. लग्न थांबवता येत नव्हतं. शादलीच्या कमरेने अंग काढून घेतलं होतं, म्हणून त्याने स्वतःच तोड काढली. "तू तरुण आहेस, तू दाब. मी पडद्यात बघून सांगतो कधी."

"तुम्ही 'श्वास रोखा' म्हणणार नाही ना?"

"नवरीचं राहू दे, तू तुझा रोख."

अशा तऱ्हेने उरलेलं लग्न एका बोटाने आणि एका जिभेने पार पडलं. पुढच्या आठवड्यात लल्ला वसीला आधी लमजदकडे गेली, नाक पुसतानाचा फोटो जगातून नाहीसा करण्याची शपथ घ्यायला लावली आणि मग शादलीकडे येऊन हसऱ्या दोर्साफचा मोठा फोटो बनवायला सांगून गेली. जकीया मावशीने बकलाव्याचा फोटो पाहिला, रागाने लाल झाली, आणि मग म्हणाली की निदान बांगड्या तरी छान आल्यात.

त्याच संध्याकाळी लमजद रस्ता ओलांडून आला. हातात बारीक पेचकस. "मी आकडा बदललाय. एकावरून दोनवर. म्हणजे आता तुम्हाला त्रास नको."

शादली खुर्चीत सरळ झाला. "दोनवर? अरे गाढवा, काल मीच बदलला. एकावरून दोनवर. तुला त्रास नको म्हणून!"

मग दुकानाच्या आतल्या खोलीतून नजीबा ओरडली, "कॉफी दोन कप टाकू का तीन?"

"तीन!" लमजद म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.