दुसरा कागद कुठंय?

पुण्याच्या एका संस्थेनं जुन्नरकडच्या डिंगोरे गावातल्या आमच्या सरांना फसवलं. त्यांच्या मानधनातून कर कापला, कापल्याची पावती दिली आणि तो कर सरकारात भरलाच नाही. हे आधीच सांगून टाकतो. पुढं सरांबद्दल लिहिताना मी हळवा होईन आणि मूळ मुद्दा राहून जाईल.

सरांना तुम्हीही पाहिलं असेल. जुन्नरच्या बाजारात स्कूटर लावून, कुणीतरी दिलेला जुना कागद उन्हात तिरका धरून एक डोळा मिटून बघणारा उंच माणूस. बघून झालं की समोरच्याला एवढंच विचारायचे, "दुसरा कागद कुठंय?" एका कागदावर त्यांचा विश्वास नसे. तो कुणी लिहिला, कुणाच्या फायद्यासाठी लिहिला, तेच सांगणारा दुसरा साक्षीदार आहे का, हे कळेपर्यंत ते होही म्हणत नसत आणि नाहीही.

लोक 'सर' म्हणत, पण शाळेत ते कधीच नव्हते. मोडी वाचायची, घराण्यांचे आणि गावांचे इतिहास लिहून द्यायचे, यावर त्यांचं घर चालायचं. त्याला धंदा म्हटलं की त्यांना लाज वाटायची.

मला तशी लाज वाटत नाही. मी पिंपळवंडीचा. नारायणगावच्या आडत्याकडं शेतकऱ्यांच्या मालविक्रीच्या पट्ट्या लिहीत हिशेब शिकलो. हमाली कापली, तोलाई कापली, आणि कापलेलं शेवटी कुणाच्या खिशात गेलं, हे मला विसाव्या वर्षी कळत होतं. आता माझं स्वतःचं ऑफिस आहे. पगाराशिवाय स्वतःच्या कामावर जगणाऱ्यांचे हिशेब ठेवतो. फोटोग्राफर आहेत, नकाशे काढणारे आहेत, एक कीर्तनकार आहेत. आणि सर होते.

पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी पिशवीतून जमाखर्चाची वही काढली. सगळी मोडीत.

"सर, हे मी कसं वाचू?"

"मोडीत हात उचलावा लागत न्हाई, भाऊ. झरझर व्हतं."

मग दर उन्हाळ्यात ते समोर बसून वही मोठ्यानं वाचायचे आणि मी टाइप करायचो. "आंबेगावच्या डोंगरात एका देवळाचा शिलालेख वाचून दिला. अर्धं पोतं तांदूळ."

"तांदूळ कुठल्या खात्यात टाकू?"

"टाकू नका. शिजवून खाल्ला."

एकदा महाळुंगे पडवळकडच्या एका बागायतदारानं घराण्याचा इतिहास लिहायला दिला. त्याला मूळपुरुष पाटील हवा होता. कागदांत तो नुसता एका पाटलाला जामीन राहिलेला निघाला. बागायतदार म्हणाला, पाटील लिहा, डबल देतो. सरांनी नकार दिला आणि आधी ठरलेले पैसेही अडकले. मी भडकलो.

"एक ओळ लिहायला काय जात होतं, सर?"

"शंभर वर्षांनी कुणीतरी ती वळ वाचंल, भाऊ. त्याला दुसरा कागद मिळायचा न्हाई. तो माझ्यावरच इश्वास ठेवंल."

दुसऱ्या दिवशी मी त्या बागायतदाराकडं गेलो. म्हटलं, "पावणं, जामीन राहायला पत लागती. पाटलाची पत संपली तवा तुमच्या मूळपुरुषाची कामाला आली. ह्ये पाटीलकीपेक्षा मोठं न्हाई का?" तो विचारात पडला आणि ठरलेले सगळे पैसे देऊन मोकळा झाला. हे सरांना सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "खोटं काई बोलला न्हाई ना?"

असा हा माणूस. त्यांना त्या संस्थेनं जुन्नरच्या इतिहासाचा जाडजूड ग्रंथ लिहायला दिला. तीन वर्षांचं काम. दर हप्त्याला कर कापायचे आणि शिक्का मारलेली पावती द्यायचे. पहिल्या वर्षी मी सरकारी पोर्टलवर बघितलं, कर जमा होता. पुढची दोन वर्षं मी बघितलं नाही. गर्दीचा मोसम होता, पावत्या समोर होत्या. पहिल्या वर्षी बरोबर निघालं म्हणून पुढंही बरोबरच असेल, असं धरलं.

सरांनी तरी विचारायला हवं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांना साक्षीदार मागणाऱ्या माणसानं स्वतःचं नाव असलेल्या पावतीला मागितला नाही. आणि पट्टीतली कापाकापी ओळखणाऱ्या मलाही ते सुचलं नाही.

मग नोटीस आली. दोन वर्षांचा कर, त्यावर व्याज.

तेव्हापासून सर दर दोन दिवसांनी यायचे. नोटीस प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. खुर्चीच्या टोकावर बसायचे, चहा निवायचा.

"आलं का काई?"

"उत्तर पाठवलंय. पावत्या जोडल्यात, पासबुक जोडलंय. कापलेला कर पुन्हा तुमच्याकडून मागता येत नाही, असा कायदा आहे."

"साहेबाला जाऊन भेटू का?"

"साहेब दिसत नाही आता, सर. सगळं पोर्टलवर."

"मग माझी वही पाठवा. त्यात तारीखवार लिवलंय."

"साहेबाला मोडी येत असंल का, सर?"

ते हसले. त्यानंतर मी त्यांना हसताना पाहिलं नाही. फोन वाजला की दचकायचे. दुसऱ्यांचे कागद वाचायला घेईनात. एकदा कॉम्प्युटरवर स्वतःच्या नावापुढची थकबाकी बघत बराच वेळ उभे राहिले.

"पैशाचं जाऊ द्या, भाऊ. मी स्कूटर इकून भरीन. पर ह्ये लिवलेलं ऱ्हाईल ना? उद्या कुणी वाचलं तर म्हनंल, ह्या मानसानं कर बुडवला."

मी पुण्याला तीनदा गेलो. आयुष्यभर घासाघीस करत आलोय, पण तिथं भावच निघेना. हिशेबाचा माणूस म्हणायचा, सचिव बाहेर आहेत. सचिव म्हणायचे, हिशेबाच्या माणसाला विचारा. तिसऱ्या वेळी मी टेबलावर हात आपटला. सचिव शांतपणे म्हणाले, "सरांची काही तक्रार नाही, तुम्ही का ओरडता?" खरं होतं ते. सरांनी त्यांना एक शब्द लिहिला नव्हता. ग्रंथ छापून व्हायचा होता आणि भांडलो तर तो अडेल, याची त्यांना धास्ती होती.

सर माघात गेले. सकाळी अंगणात स्कूटर पुसता पुसता. वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, ते फोल्डर माझ्याकडं आणून दिलं. म्हणाल्या, "ह्ये उशाशी ठेवायचे. आता तुमीच बघा."

ग्रंथ निघाला. मुखपृष्ठावर सरांचं नाव सोनेरी अक्षरांत आहे. सोबत संस्थेचं शोकपत्रही आलं. त्यात 'निःस्पृह' हा शब्द दोनदा आहे. मी ते पत्र उन्हात तिरकं धरून बघितलं. कागद चांगला आहे, शिक्का तोच आहे, जो पावत्यांवर होता.

पोर्टलवर सरांच्या नावापुढं थकबाकी आजही दिसते. माझं उत्तर आजही 'विचाराधीन' आहे. म्हणून हे लिहून ठेवलं. पुढं कुणी ती नोंद वाचली आणि दुसरा कागद शोधू लागला, तर त्याला हा सापडावा. दोन वर्षं न बघण्याची चूक माझी, तीही यात लिहिली आहे.

आता सचिवसाहेब, तुम्ही बोला. सरांची तक्रार नव्हती, माझी आहे. तुमचं शोकपत्र मी परत पाठवतोय. त्याच्या जागी त्या दोन वर्षांची कर भरल्याची चलनं पाठवा. आणि भरलाच नसेल, तर ते पैसे कुठं गेले, हे त्याच शिक्क्याखाली, सही करून लिहून द्या.