दर्शन न चालणारा देव

वखर जुंपला की बैल हाकायचे, ही जगाची रीत. आमच्या सालदाराची, म्हणजे सालाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याची, रीत वेगळी. तो बैल उभे करून, हात मागे बांधून, आधी एकटाच सगळं रान चालून यायचा. मी त्या वेळी विशीचा, वडिलांनी देखरेखीला ठेवलेला आणि भलता घाईचा. मी हाक मारली की तो तिकडूनच म्हणे, "जरा थांबा जी. घरचे मानसं उठले नसतीन."

घरचे म्हणजे टिटव्या, लावे, सशाची पिल्लं. अंडी दिसली की वखर वळसा घालून जाई. पिल्लं सापडली तर तो दुपट्ट्यात घेऊन बांधावर ठेवी आणि आई परत येईपर्यंत कामाला हात लावत नसे. मी मनातल्या मनात त्याला कामचुकार म्हणायचो. आज त्याची लाज वाटते.

समुद्रापलीकडे कुठे तरी लढाई लागली होती आणि आमच्या तिवशाकडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. लोकांनी कुरणं मोडली, पांदणीसुद्धा नांगरल्या. आमच्या कुरणातली गवताची एक पट्टी तेवढी उरली होती. तिथे हूम यायची. काही जण तिला माळढोक म्हणतात. माणसाच्या कमरेएवढा पक्षी, पण अंडं एकच घालतो, तेही उघड्या जमिनीवर. पट्टी मोडली की हूम गेली, हे आम्हाला कळत होतं. वडिलांनी तरी मृगाआधी ती वखरायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर पट्टीच्या तोंडाशी शेंदूर फासलेला धोंडा.

वडिलांनी सालदाराला विचारलं, "हा देव कवाचा गा?"

"कालचा जी."

"कोनं बसवला?"

"मीच."

वडील लालबुंद झाले. पण बसवलेला देव उठवायची हिंमत वऱ्हाडात कोणाची आहे? त्यांनी मुकाट्याने वहाणा काढून हात जोडले. पट्टी वाचली.

तुम्ही म्हणाल, जिंकला. पण नवा देव आला म्हटल्यावर गावातल्या बाया घरात थोड्याच बसतात? चार दिवसांत नारळ, ऊद, आरती सुरू झाली. अंड्यावर बसलेली हूम उडाली ती परतली नाही. थंड पडलेल्या अंड्याजवळ हा माणूस दिवस मावळेपर्यंत बसला होता. "माह्याच हातानं झालं, भाऊ," एवढंच बोलला. मीही शेजारी बसलो.

पुढच्या उन्हाळ्यात हूम पुन्हा आली. या खेपेला त्याने धोंड्यावर नवा शेंदूर चढवला आणि पारावर जाऊन सांगितलं, "या देवाले दर्शन चालत नाही. जो तिकडे पाहीन, त्याच्या कपाशीले अळी लागीन."

अंगात ताप भरेल म्हणाला असता तर लोक हसले असते. कपाशीचं नाव काढल्यावर पारावरच सगळ्यांनी पट्टीकडे पाठ फिरवली. बाया वाट बदलून जाऊ लागल्या. आमचे वडील तर पट्टीजवळून जाताना उपरणं डोळ्यांवर ओढून घेत आणि एकदा त्या भरात नाल्यात पडले. सालदाराने त्यांना हात देऊन वर काढलं, तोंडावरची रेष न हलवता.

पेरणी आटोपली तेव्हा त्याने मला खुणेने बोलावलं. गवतातून हूम चालली होती आणि मागे मातकट रंगाचं पिल्लू धडपडत होतं. "उठले, बावा, घरचे," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. माझेही.

पुढे लढाई संपली, भाव बसला, आणि एका पावसाळ्यात पटकीच्या साथीत तो गेला. पट्टी मी मोडू दिली नाही. धोंड्याला दर उन्हाळ्यात शेंदूर मीच लावतो. तिकडे अजून कोणी पाहत नाही.

हूम दिसून मात्र कितीक वर्षं झाली. आजूबाजूला कोसभर गवतच उरलेलं नाही, ती येणार कुठून?

वखरणीच्या दिवशी मी बैल थांबवून, हात मागे बांधून पट्टीपर्यंत चालून येतो. नवा सालदार विचारतो, "कावून थांबलो जी?"

"जरा थांब," मी म्हणतो. "घरचे मानसं उठले नसतीन."