वेलामागचं दार

"कळतं सगळं हिला, पण मराठी काही तोंडातून निघायची नाही," आई स्वयंपाकघरात शेजारच्या वैशालीकाकूंना सांगत होती. "बापानं मराठीत विचारायचं, हिनं इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं."

"आता तर तेही बंद झालं गं," काकू हळूच म्हणाल्या.

मी हॉलमध्येच होते... ऐकू आलं.

गूढ अनुभवांवर माझा कधीच विश्वास नव्हता. म्हणून घडलं तेवढंच लिहिते.

कतारमधल्या मदिनत खलीफा भागातलं आमचं घर, शुक्रवारची सकाळ. स्ट्रोकनंतर तीन महिने बाबा एक शब्द बोलले नव्हते. कतारला ते गवंडी म्हणून आले, पुढे फोरमन झाले. थेरपिस्ट म्हणाली होती, हातांना काम द्या. म्हणून माझ्या ऑफिसमधल्या क्लेअरने तिच्या गावाच्या चित्राचं, तुकडे जोडायचं जिगसॉ दिलं. फ्रान्समधलं एवढंसं गाव — एक बेकरी, एक चर्च, आणि किल्ले मात्र दोन! टेकडीवरचा पडका, नदीकाठचा अजून राहता.

नदीकाठच्या किल्ल्याच्या भिंतीचा शेवटचा तुकडा बाबांनी बसवला. तिथे नुसता हिरवा वेल. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "हितं दार हुतं. बुजवलंय... आत डाव्या हाताला हीर हाय."

आई धावत आली. आणि मी? सवयीने विचारलं, "व्हिच डोअर, बाबा?"

त्यांचे ओठ हलले... आणि पुन्हा गप्प.

मी क्लेअरला फोटो पाठवून विचारलं, इथे दार होतं का, आत विहीर आहे का. तिचा लगेच फोन. "तुला कोणी सांगितलं?" तिचे आजोबा लहानपणी त्याच दाराने दूध घालायला जायचे. दार नंतर चिणलं, वर वेल चढला. आत डावीकडे विहीर — आजही आहे.

बाबांनी सातारा आणि कतार सोडून काही पाहिलेलं नाही. गवंड्याची नजर म्हणावं, तर वेलाखाली दगडही दिसत नव्हता. आणि विहीर? उत्तर अजून मिळालेलं नाही. आज बाबा तुटक का होईना, बोलतात. ज्याने कुणी त्यांना ते दार दाखवलं, त्याचे मनापासून आभार.

त्या सकाळी मात्र, मी फोन ठेवला तेव्हा, त्यांचं बोट अजून वेलावरच होतं, नजर माझ्यावर.

"बोल की गं," आई म्हणाली. "तुझ्यासाठी थांबलेत ते."

मी वाक्य मनात तीनदा जुळवलं. उच्चारांची लाज वाटत होती. तरी म्हणाले,

"बाबा, त्या विहिरीला पाणी होतं का हो?"