नागोठण्याला चुकलेलं वळण

माझ्या वडिलांना त्यांच्या सख्ख्या बहिणीचं तोंड शेवटचं बघता आलं नाही. ते माझ्यामुळे. घरात हे कुणी बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे.

मी पेणला भाड्याची गाडी चालवतो. गाडी माझी स्वतःची, स्टँडवर लावतो, मिळेल ते भाडं घेतो. अब्बाही ड्रायव्हरच. आधी रोहा, माणगाव, म्हसळा या भागात मालट्रक आणि मग सव्वीस वर्षं आखातात ट्रेलर. परत आले तेव्हा डोळ्यांना कमी दिसायला लागलं होतं, म्हणून त्यांनी स्टिअरिंगला पुन्हा हात लावला नाही. पण माझ्या शेजारच्या सीटवर बसायची त्यांना हौस. जवळचं भाडं असलं आणि गाडीत जागा असली की यायचे, आणि रस्ता सांगत राहायचे.

त्यांचा रस्ता जुना होता. "पुढं मोठा आंबा येईल, तिथनं उजवीकडं," असं म्हणायचे, आणि तो आंबा हायवे रुंद करताना कधीच तुटलेला असायचा. एकदा त्यांच्या सांगण्यावरून मी गडबच्या आधी एका आतल्या रस्त्याला गाडी घातली, तर पुढे खणून ठेवलेलं. गाडीत मुंबईचं कुटुंब होतं. मी मागे वळून त्यांना म्हणालो, "आमचे अब्बा अजून मागच्या जमान्यात गाडी चालवतात." ते हसले. अब्बाही हसले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट त्यानंतर गिऱ्हाईक बदललं की मी तोच विनोद पुन्हा करायचो.

मी मोबाईलवर चालायचो. हायवेचं काम वर्षानुवर्षं चाललेलं, आज इथून वळवलेलं तर उद्या तिथून, त्यामुळे मोबाईल लागायचाच. माझं नकाशाचं अॅप फुकटातलं होतं. सुरुवातीला खाली एक बारीक पट्टी यायची, कसल्यातरी टायरची नाहीतर गृहकर्जाची. मग नकाशावरच दुकानांची चित्रं उगवायला लागली. मग रस्ता सांगणारी बाईही मधेच बोलायला लागली, जवळच अमुक हॉटेल आहे, थांबणार का म्हणून. शेवटी तर गाडी हळू झाली की सबंध स्क्रीनभर जाहिरात यायची आणि तिच्याखाली रस्ता गडप व्हायचा. गाडी हळू कधी होते? वळणावर. पैसे भरले की हे सगळं बंद होतं, हे मला माहीत होतं. भरू, भरू म्हणत राहिलो.

फुफी रोह्याच्या पुढे खाडीकाठच्या गावात दिलेली. अब्बांची ही एकच बहीण. मे महिन्यात एका सकाळी आतेभावाचा फोन आला, फुफी पहाटे गेली. उन्हाळा, मय्यत फार वेळ ठेवता येणार नव्हती. साडेतीनला उचलायचं ठरलं. मी तेव्हा अलिबागच्या भाड्यावर होतो. बायकोला म्हणालो, बारापर्यंत पोचतो. पण गाडीतल्या माणसांनी अजून एक ठिकाण बघायचं काढलं आणि मला नको म्हणवेना. घरी पोचलो तेव्हा दोन वाजत आले होते.

अब्बा पांढरे कपडे घालून दाराशी खुर्चीवर बसले होते. बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "अकरापासून बसलेत. शेजारचा गाडी काढत होता, तर त्याला म्हणाले, नको, माझा मुलगा येतोय."

आम्ही तिघं निघालो. अब्बा पुढे, बायको मागे. ती पुटपुटत कुराणातलं यासीन पढत होती. वडखळच्या गर्दीत गाडी अडकली, हळू झाली, आणि मोबाईलमधली बाई मोठ्यानं म्हणाली की पुढच्या चौकात बिर्याणीचं फॅमिली पॅक आहे, सोबत कोल्ड्रिंक मोफत. बायको पढता पढता थांबली.

अब्बा म्हणाले, "ते बंद कर."

"बंद केलं तर रस्ता कोण दाखवणार? तुम्ही?"

"नागोठण्यापर्यंत सरळच हाय. पुढं मी सांगतो."

"मागं सांगितला होता तसा?" मी म्हणालो. ते खिडकीबाहेर बघू लागले.

पेणहून रोह्याला जाताना नागोठण्याला हायवे सोडून भिसे खिंडीच्या रस्त्याला लागायचं. ते सोडलं तर थेट कोलाड, आणि तिथून उलटं धाटाववरून रोह्याला. मोठा फेरा पडतो. नव्या रस्त्यामुळे नागोठण्याजवळ दोन वाटा झाल्यात, एक वरून, एक खालून, आणि मधे दुभाजक. मी त्या बाजूला अनेक महिने गेलो नव्हतो. पुढे डंपर होता म्हणून वेग कमी केला, आणि नेमकी तेव्हाच स्क्रीनभर एका रिसॉर्टची जाहिरात आली. निळं पाणी, त्यात पोहणारी माणसं. कोपऱ्यातली फुली मोहरीएवढी. मी ती दाबायला गेलो तर बोट दुसरीकडेच लागलं आणि बुकिंगचं पान उघडलं.

अब्बा म्हणाले, "खालून घे."

मी पान बंद करायच्या नादात होतो.

"खालून घे, खालून. वर चढू नको."

"अब्बा, तुम्हाला काल काय जेवलात ते आठवत नाय. गप बसा जरा."

मी हे ओरडून बोललो नाही. शांतपणे, एखाद्या गिऱ्हाईकाला भाडं सांगावं तसं बोललो. आणि गाडी वर घातली.

नकाशा परत दिसायला लागला तेव्हा खिंडीचा रस्ता मागे राहिला होता. बाईनं नवीन रस्ता शोधला आणि कोलाडवरून जा म्हणून सांगितलं. मागे फिरायला दुभाजकात लवकर जागा मिळेना. मी अब्बांकडे बघितलं नाही. बायको मागून म्हणाली, "चुकलं का?" मी म्हणालो, "इकडून रस्ता चांगला हाय."

आतेभावाला फोन लावला. तो म्हणाला, "पाव तास थांबतो, भाई. त्यापुढं माणसं थांबायची नायत."

धाटावला पोचलो तर तीनची शिफ्ट सुटलेली. कंपन्यांच्या बसेस, बाईकवाले, गेटबाहेर नुसती रांग. मी मोबाईलवर आतून कुठून निघता येईल का ते शोधत होतो. तेवढ्यात आतेभावाचा फोन यायला लागला. फोन घेतला की नकाशा जातो, म्हणून कापला. तो परत आला, परत कापला.

"कोणाचा?" अब्बांनी विचारलं. नागोठण्यानंतर पहिल्यांदाच बोलले होते.

"जाहिरातीचा हाय," मी म्हणालो.

तिसऱ्यांदा आला तेव्हा कापून आवाजच बंद करून टाकला.

गावात शिरलो तेव्हा चार वाजून गेले होते. माणसं कबरस्तानातून परत येत होती. कुणाच्या हाताला माती होती, कुणी टोपी काढून घाम पुसत होतं. अब्बा गाडी थांबायच्या आधीच दार उघडून उतरले. आतेभाऊ समोर आला, त्यांना मिठी मारून रडला.

"मामू, किती थांबायचं आम्ही," तो म्हणाला. "मौलाना घाई करत होते. मग म्हटलं, व्हिडिओ कॉल तरी लावू. दुबईला धाकट्या भावाला तसंच दाखवलं आम्ही. तुमच्यासाठी अम्मीच्या तोंडावरचं कफन बाजूला ठेवून तीन वेळा लावला. भाई कापत होता."

अब्बांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. आतेभाऊही बघत होता, आजूबाजूचे चार लोकही. अब्बांनी नजर काढून घेतली आणि कबरस्तानाकडे चालायला लागले. मी मागोमाग गेलो. ओल्या मातीच्या ढिगावर त्यांनी तीन मुठी माती टाकली. खाली बसताना त्यांना आधार लागतो, म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही. शेजारच्या अनोळखी माणसाचा खांदा धरून बसले.

परत येताना ते मागच्या सीटवर बसले. तेव्हापासून तिथेच बसतात.

आठवड्यानं मी त्यांच्याकडे माफी मागितली. बायकोनंच ढकललं होतं मला. ते नमाजासाठी हातपाय धुऊन, वजू करून उठत होते. म्हणाले, "माझ्याकडं काय मागतोस? तुझ्या फुफीकडं माग." आणि नमाजला उभे राहिले.

ते अॅप मी त्याच आठवड्यात काढून टाकलं. स्टँडवरच्या एकानं दुसरं सांगितलं, लोकांनी आपापल्या भागातले रस्ते भरून केलेला नकाशा. मोबाईलमध्ये उतरवून ठेवायचा, नेट लागत नाही, जाहिराती नाहीत. चांगला आहे, पण आमच्याकडच्या खाडीपट्ट्यात अजून फारसं कुणी काही भरलेलं नाही. म्हणून निघायच्या आधी वळणं कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवायला लागलो. कागदावर नसेल ते टपरीवर उतरून विचारतो. लोक सांगतात. एवढं सोपं होतं ते.

पावसाळा संपल्यावर अब्बांना पेणच्या खाडीकडच्या एका गावात जायचं होतं, त्यांचा ट्रकवरचा जुना जोडीदार आजारी होता. मी निघताना विचारलं, "अब्बा, रस्ता कसा हाय?"

"मोबाईल हाय ना," ते म्हणाले.

नव्या नकाशावर त्या गावाकडे जाणारी एक बारीक रेघ होती. मी तिच्यावरून गेलो. अब्बा मागे बसले होते, आरशात दिसत होते, डोळे उघडे. डांबर संपलं, मग माती, मग दोन्ही बाजूंना मिठागरं, मग बांध, आणि बांधाच्या टोकाला चिखल. गाडी वळवायला जागा नव्हती. दूरपर्यंत रिव्हर्स यावं लागलं. एक चाक बांधावरून घसरता घसरता राहिलं. डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई थांबून बघत होती. तिनं आम्हाला गावाचा रस्ता सांगितला, तो तर पार मागे, शाळेपाशी होता. मग वाकून अब्बांना म्हणाली, "बाबा, तुमाला तरी ठावं नव्हतं का?"

"ठावं होतं," अब्बा तिला म्हणाले.

मी काचेतून पुढे बघत राहिलो. मला राग आला होता. एवढं वय झालेलं माणूस मिठागरात पडलं असतं, आपल्यासोबत मलाही घेऊन, पण दोन शब्द बोललं नसतं. मग लक्षात आलं की त्यांनी खूप विचार करून ते दोन शब्द गिळले असणार. शाळेपासून बांधापर्यंत गिळत आले असणार.

हल्ली स्टँडवरचे ड्रायव्हर अब्बांना रस्ते विचारतात. जाहिरातींना सगळेच कंटाळलेत. कुणाला तळा तालुक्यात जायचं असतं, कुणाला सुधागडात, ते सकाळी आमच्या घरासमोर गाडी थांबवतात. अब्बा ओट्यावर बसून सावकाश सांगतात, कुठे चढ आहे, कुठे पाणी भरतं, कुठल्या पुलावर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. आणि आता तुटलेल्या झाडांच्या खुणा सांगत नाहीत. काय बदललंय ते त्याच पोरांना विचारून घेतात आणि सुधारून सांगतात. कुणी चहाचं विचारलं तर माझ्या बायकोला हाक मारतात.

परवा मला तळा गावचं भाडं होतं, रस्ता नीट ठाऊक नव्हता. एक ड्रायव्हर तिकडचाच रस्ता विचारायला आला होता. मी आतून दाराशी उभा राहून कागद आणि पेन काढलं. अब्बांनी पहिली दोन वळणं सांगितली. मग दाराकडे न बघताच थांबले, त्या पोराला आपल्या जवळ सरकायला सांगितलं, आणि बाकीचं त्याच्या कानात सांगितलं.

मी कागदावर दोनच वळणं घेऊन निघालो. पुढचं टपरीवर विचारलं.