डोंग्याला इंजिन

वाशिम जिल्ह्यात शिडाची होडी कोण वापरतं, असं कारंज्याच्या ऑफिसात लोक मला हसून विचारतात. माझे वडील वापरायचे. गावाजवळ धरण झालं तेव्हा वावराकडे जाणारी वाट बुडाली आणि वावर पलीकडच्या काठावर राहिलं. रस्त्याने जायचं तर धरणाच्या भिंतीला वळसा घालून दोन गाड्या बदला, शेवटी चिखल तुडवा. बाबांनी मासेमारांकडून एक जुना लाकडी डोंगा घेतला आणि खताची रिकामी पोती उसवून मायकडून शीड शिवून घेतलं. पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा त्यांना फुकटात वावरात नेऊन सोडायचा. येताना मात्र वल्हं मारावं लागे. बरीच वर्षं हे चाललं, आणि मग बाबांचा उजवा खांदा वर होईना.

डॉक्टरांनी वल्हं बंद करायला सांगितलं. पलीकडच्या गावातला एक जण वावर बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर कसायला, मागतच होता. बाबांना ते नको होतं.

"वावर दुसऱ्याले देऊन ओट्यावर बसलो, तं मी काय कामाचा?" ते म्हणाले.

मी छातीठोकपणे सांगून टाकलं, "बाबा, पोळ्याच्या आत इंजिन बसवून देतो." ज्याला मोटरसायकलचा प्लग बदलता येत नाही, त्याने असं बोलू नये.

आमच्याकडे इंजिन म्हणजे विहिरीवरचं डिझेल इंजिन, आणि मिस्त्रीही त्याचाच. त्याने डोंग्याभोवती एक फेरी मारली, "होऊन जाते, टेन्शन कायले घेता?" म्हणाला आणि आमचंच जुनं पंपाचं इंजिन चढवायचं ठरवलं. पाण्यातला पंखा त्याने अकोल्याहून आणला. इंजिनाला जागा हवी म्हणून मधली आडवी फळी कापली. शिडाची काठी त्याच फळीत रोवलेली असायची.

"अन् काठी कुठं रोवाची?" बाबांनी विचारलं.

"आता काठीचं काय काम हाये, काका?"

मलाही ते पटलं.

इंजिन सुरू करायच्या दिवशी काठावर अर्धं गाव जमलं. डोंगा थरथरला, उलटा मागे आला आणि चिखलात रुतून बसला. लोक पोट धरून हसले. इंजिन उलट्या बाजूने फिरत होतं. मळणीयंत्राला टाकतात तसा मिस्त्रीने पट्टा पलटी टाकला. डोंगा पुढे निघाला खरा, पण पट्ट्यावर पाणी उडालं आणि तो घसरू लागला. शिवाय इंजिनाच्या वजनाने डोंग्याची कड इतकी खाली गेली की माय काठावरून ओरडली, "उतरा आधी, उतरा!"

ते काढून हलकं पेट्रोलचं इंजिन आणलं. बोल्टांची जुनी भोकं डांबराने बुजवली, नवी पाडली. एका जागची गळती थांबली की शेजारी दुसरी सुरू. हे इंजिन काठावर छान फटफटायचं आणि पाण्यात गेलं की तापून बंद पडायचं. त्याला एक बारीकसा भाग हवा होता. तो वाशिमला मिळेना, अकोल्याला मिळेना; मोबाईलवरून मागवला तर भलत्याच मापाचा आला. मिस्त्री दहादा फोन केल्यावर एकदा उचलायचा, "येऊनच राह्यलो, शिरपुरात हावो," म्हणायचा. पुढच्या वेळी गाव वेगळं. काठी पुन्हा बसवू म्हटलं, तर सुतार म्हणाला की कापलेली फळी आता शिडाचा जोर सोसणार नाही. म्हणजे इंजिनही नाही आणि शीडही नाही. दर रविवारी मी बसने गावी जायचो, डोंग्यापाशी उभा राहायचो आणि परत यायचो. चीड यायची, पण ती काढायची कोणावर? पलीकडे सोयाबीनात वाढलेलं गवत इथून दिसत होतं.

"रोज वारा वाया जाऊन राह्यला," बाबा म्हणायचे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. बैलांनी वर्षभर ज्या खांद्यावर जू वाहिलं, तो हळद-तुपाने चोळायचा आणि उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. वाट बुडाल्यावर आम्ही बैल विकले, पण मायने रीत सोडली नव्हती. ती दरवर्षी शिडाच्या काठीला तूप लावायची. त्या संध्याकाळीही ती वाटी घेऊन काठावर आली, आणि काठी नाही हे आठवून तशीच उभी राहिली.

"इंजिनाले लावू काय?" तिने मला विचारलं.

"इंजिनाले कुठं खांदा असते?" बाबा म्हणाले. ते डोंग्याला टेकून बसले होते.

माय त्यांच्याजवळ बसली. त्यांच्या सदऱ्याची बटणं काढली आणि उजव्या खांद्याला हळद-तूप चोळू लागली. चोळता चोळता थट्टेने म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

ती काठीला हे म्हणायची तेव्हा बाबा हमखास हसायचे. आज ते पाण्याकडे बघत होते.

"बैल काम करते म्हणून त्याले आवतन असते," ते म्हणाले. "मी कोणत्या तोंडानं जेवू?"

मायचा हात थांबला.

"त्या पलीकडच्या बटईवाल्याले फोन लाव," बाबा मला म्हणाले.

मी लावला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी पहिल्या रिंगला फोन उचलला.